ग्राफ्ट म्हणजे कलम, पण कुठलं कलम?



इंग्रजीचे शब्दार्थ पाठ करून घ्यायची पद्धत आपल्याकडे अजून जोरात आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. एका शब्दाला एक अर्थ. 'ट्री' म्हणजे झाड, 'रिव्हर' म्हणजे नदी, इथपर्यंत ही वही छान चालते. पुढे मात्र अडते. कशी अडते ते आज एकाच शब्दावरून पाहूया. शब्द बागेतला आहे, 'ग्राफ्ट'.

वहीत लिहिलं, ग्राफ्ट म्हणजे कलम. झालं. आता हेच मूल मोठं होऊन इंग्रजी वर्तमानपत्र उघडतं आणि मथळा वाचतं, 'मिनिस्टर फेसेस ग्राफ्ट चार्जेस'. मंत्र्यावर कलमाचा आरोप? घरी आजोबांची बायपास झालेली असते, दवाखान्याच्या फायलीत 'थ्री ग्राफ्ट्स' असं लिहिलेलं असतं. आजोबांच्या छातीत तीन कलमं? आणि एखाद्या ब्रिटिश गोष्टीतला बाप मुलाला सांगतो की यश मिळतं ते 'हार्ड ग्राफ्ट'नं. म्हणजे कडक कलम? उजवीकडच्या रकान्यातला अर्थ तिन्ही ठिकाणी चुकीचा नाही, पण तो एकही वाक्य उघडून देत नाही.

यावर एक उपाय म्हणजे उजवीकडे आणखी चार अर्थ लिहायचे आणि तेही पाठ करायचे. मला तो पटत नाही. मुलाला आधी ते काम दाखवावं, मग शब्दाचे बरेचसे अर्थ आपोआप सुटतात आणि जे सुटत नाहीत ते का सुटत नाहीत हेही कळतं.

म्हणून आधी काम. हापूसची कोय लावली तर झाड उगवतं, आंबेही लागतात, पण ते आईसारखे असतीलच असं नाही. बियांपासून आलेल्या अशा झाडाच्या आंब्याला आपण रायवळ म्हणतो. अगदी तोच हापूस हवा असेल तर हापूसच्याच झाडाची काडी घ्यावी लागते. कोकणात पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपवाटिकांमध्ये कोयकलमं बांधायचं काम चालतं. कोय रुजून तांबूस कोवळी पानं फुटलेलं लहान रोप घेतात. त्याचा शेंडा छाटतात आणि उरलेल्या खोडाला मधून उभी चीर देतात. हापूसची पेन्सिलीएवढी जाड काडी घेऊन तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तिरपं तासतात, पाचरीसारखं. ती पाचर चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सालीच्या आत एक पातळ हिरवट थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. दोन्हीकडचा हा थर एकमेकांना टेकला पाहिजे. काडी बारीक आणि खोड जाड असेल तर निदान एका बाजूनं तरी टेकला पाहिजे. तो टेकला नाही तर काडी चार दिवस हिरवी दिसेल आणि मग सुकेल. नारळ किंवा केळीच्या बागेत कोणी कलम बांधताना दिसत नाही, कारण त्यांच्या खोडात असा थरच नसतो.

खालच्या रोपाला मराठीत खुंट म्हणतात, वरच्या काडीला कलमकाडी. इंग्रजीत खुंट म्हणजे 'स्टॉक' आणि काडी म्हणजे 'सायन'. (मुंबईचं सायन स्टेशन वेगळं. ते आपलं शीव. इंग्रजी स्पेलिंगही वेगळं आहे.)

आता या कामातल्या दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या, कारण लाक्षणिक अर्थ त्यांच्यावरच उभा आहे. पहिली गोष्ट, दोन्ही जीव जोडले जातात पण एकमेकांत विरघळत नाहीत. झाड पन्नास वर्षांचं झालं तरी सांध्याच्या वर हापूस आणि खाली रायवळच राहतो. खुंटाला फुटवा आला तर तो काढून टाकावा लागतो, नाहीतर तोच वाढून बसतो. दुसरी गोष्ट, जोड लागेल याची खात्री नसते. लागली तर इंग्रज माणूस म्हणतो, 'द ग्राफ्ट हॅज टेकन'. आपला माणूस म्हणतो, 'कलमानं धरलं'. टेक आणि धरणे, किती जवळ आहेत बघा. मुलांना 'टेक'चे अर्थ शिकवताना हे वाक्य जरूर वापरा.

लाक्षणिक वापरात इंग्रजी 'ग्राफ्ट' या दोन्ही गोष्टी सोबत घेऊन येतो. साखर दुधात विरघळली की ते 'मिक्स' झालं, तिथे 'ग्राफ्ट' चालत नाही. जिथे बाहेरची गोष्ट आणून आधीच्या गोष्टीवर बसवलेली असते आणि सांधा नीट बघितला तर दिसतो, तिथे हा शब्द येतो. आपल्या क्षेत्रातलंच उदाहरण घेऊ. 'अ डिजिटल बोर्ड वॉज ग्राफ्टेड ऑन्टू द ओल्ड वे ऑफ टीचिंग.' म्हणजे शिकवण्याची पद्धत जुनीच, फक्त तिच्यावर डिजिटल फळा आणून बसवला. या वाक्यात नुसती माहिती नाही, थोडा टोमणाही आहे. लिहिणाऱ्याला सुचवायचंय की काडी नवी आहे पण खुंट तोच आहे, आणि कलमानं धरलंय की नाही ते अजून ठरायचंय. 'ॲड' किंवा 'जॉइन' वापरलं असतं तर हा टोमणा आला नसता. पण दर वेळी टोमणाच असतो असं नाही. परक्या प्रदेशातून आलेली एखादी चाल किंवा चालीरीत स्थानिक परंपरेवर छान रुजली, तरी इंग्रजीत 'ग्राफ्टेड' म्हणतात. कौतुक की टोमणा हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरतं, आणि ते मुलांना ओळखायला लावणं हाच चांगला व्यायाम आहे.

व्याकरणाची एक छोटी सोय सांगते. 'ग्राफ्ट'नंतर जे येतं ते काडी, आणि 'ऑन्टू'नंतर जे येतं तो खुंट. वाक्य कितीही लांब असलं तरी मुलांनी 'ऑन्टू' शोधायचं. त्याच्या उजवीकडे जे असेल ते आधीपासून मुळं धरून उभं आहे, डावीकडचं नवीन आहे.

'सायन' शब्दाचंही असंच. आज इंग्रजी पेपरात तो झाडासाठी क्वचितच येतो, बहुतेक वेळा माणसांसाठी येतो. राजघराण्यातला किंवा राजकीय घराण्यातला मुलगा म्हणजे त्या घराण्याचा 'सायन'. मूळ अर्थ कोंब, धुमारा. मराठीत आपण 'वंशाचा दिवा' म्हणतो किंवा 'वंशाचा अंकुर' म्हणतो. अंकुर जवळचा आहे. 'स्टॉक'चंही घराण्याकडेच वळण आहे. 'कमिंग फ्रॉम फार्मिंग स्टॉक' म्हणजे शेतकऱ्यांच्या घराण्यातला. खुंट आणि काडी दोन्ही माणसांच्या कुळापर्यंत पोचले.

शेक्सपियरच्या 'द विंटर्स टेल' या नाटकात तर दोन्ही अर्थ एकाच संवादात भेटतात. राजा वेष बदलून एका मेंढपाळाच्या घरच्या उत्सवाला आलेला असतो. तिथली मुलगी पर्डिटा म्हणते की माणसानं हात लावून बनवलेली ठिपक्यांची फुलं मी माझ्या बागेत लावत नाही. राजा तिला समजावतो की रानटी खुंटावर चांगल्या जातीची काडी बांधणं हेही निसर्गाचंच काम आहे. आणि हाच राजा पुढे, आपल्या मुलाला या मेंढपाळाच्या मुलीशी लग्न करायचंय म्हटल्यावर संतापतो! झाडांच्या बाबतीत पटलेलं माणसांच्या बाबतीत पटत नाही. आपल्या वयोगटाला हे नाटक शिकवायचं नाही, पण शिक्षकाला माहीत असलेलं बरं. (पर्डिटा प्रत्यक्षात राजकन्या असते, ते पुढे उघड होतं.)

आता मला सर्वांत आवडलेला भाग. 'ग्राफ्ट' हा शब्द आला कुठून? जुन्या फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधून. तिथे त्याचा अर्थ आहे लिहिण्याची टोकदार काडी, म्हणजे लेखणी. 'ग्राफ', 'फोटोग्राफ', 'ऑटोग्राफ' यांतला लिहिण्याचा 'ग्राफ' तोच. कलमासाठी तासलेली काडी लेखणीसारखी दिसते, म्हणून झाडाच्या जोडणीला लेखणीचं नाव मिळालं.

आणि आपला 'कलम'? तो अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचाही अर्थ लेखणी! अरबी शब्दाचं नातं ग्रीक 'कालामोस'शी सांगतात, म्हणजे बोरू, वेत. आपल्याकडे ज्या बोरूनं मोडी लिहायचे तोच बोरू, टोक तिरपं कापलेला. म्हणजे इंग्रजी शब्दाचं मूळ आणि मराठी शब्दाचं मूळ पूर्ण वेगळं, पण दोन्हीकडच्या माणसांनी ती तासलेली काडी पाहिली आणि दोघांनाही लेखणीच आठवली. मराठीत ती लेखणी पुढे अजून एकीकडे गेली. लेखणीनं लिहिलेला एकेक मुद्दा, तोही कलम. म्हणून कायद्यातही कलमं. आंब्याचं कलम, कलमबहाद्दर लेखक आणि पोलिसांनी लावलेलं कलम, तिघांच्याही मागे तो बोरू उभा आहे. 'कलम'चे तीन अर्थ आपली मुलं न पाठ करता सहज वापरतात, मग 'ग्राफ्ट'चे तीन का जड जावेत?

इथे एक गोष्ट आवर्जून लिहिते. वर्गात जी मुलं इंग्रजीत मागे आहेत असं आपण धरून चालतो, त्यातली काही घरी सुट्टीत कलमं बांधायला हात लावतात. 'आमची वीस कलमं आहेत' असं ती सांगतात तेव्हा त्यांना झाडंच म्हणायची असतात. अशा मुलाला 'स्टॉक' आणि 'सायन' समजावत बसावं लागत नाही, नुसती नावं द्यावी लागतात. काडी का सुकते हे ते शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा चांगलं सांगतं. पालकांना वाटतं की घरचं काम आणि इंग्रजी यांचा काय संबंध. या शब्दापुरता तरी संबंध थेट आहे.

आता आजोबांच्या फायलीकडे. बायपासमध्ये पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी घेऊन हृदयाच्या तुंबलेल्या वाहिनीच्या पुढे जोडतात. ती जोडलेली वाहिनी म्हणजे 'ग्राफ्ट'. तीन ठिकाणी जोडली तर थ्री ग्राफ्ट्स. भाजलेल्या माणसाला मांडीची कातडी लावतात, ते 'स्किन ग्राफ्ट'. पॅरिसमध्ये १८६९ साली रेव्हर्दाँ या शल्यचिकित्सकानं कातडीचे बारीक तुकडे जखमेवर लावून ते धरतात हे दाखवलं. इथेही डॉक्टर 'टेक'च म्हणतात. कातडी धरली की नाही, हा प्रश्न बागेतलाच.

याच्या आधीची एक गोष्ट आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत इंग्रज फौजेकडे कावसजी नावाचा बैल हाकणारा होता. तो पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. आधी मेणाचा साचा करून माप घेतलं, मग कपाळावरची तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. हे वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ साली छापून आलं आणि त्यावरून कार्प्यू नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. आता यातली बारीक गोष्ट पाहा. कपाळाची कातडी पूर्ण कापून वेगळी केली नव्हती. दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त मिळत राहील. नाकानं धरल्यावर ती पट्टी कापली. आजचे डॉक्टर याला 'ग्राफ्ट' म्हणत नाहीत, 'फ्लॅप' म्हणतात, कारण ग्राफ्टमध्ये तुकडा मूळ जागेपासून सुटलेला असतो. पण माळ्याला विचाराल तर तो म्हणेल, हे तर भेटकलम! भेटकलमात खुंटाची कुंडी मोठ्या झाडापाशी नेतात, आईच्या झाडावरची फांदी न तोडता खुंटाला बांधतात, आणि जोड पक्की झाल्यावरच आईपासून तोडतात. कोयकलम म्हणजे ग्राफ्ट, भेटकलम म्हणजे फ्लॅप. दवाखान्यातला फरक बागेतून असा समजतो.

अजून दोन शब्द याच बागेतले आहेत, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुलाबाला आपण 'डोळा भरतो', म्हणजे खुंटाच्या सालीत चीर देऊन चांगल्या जातीचा एक डोळा आत बसवतो. लॅटिनमध्येही कळीला 'ऑक्युलस', म्हणजे डोळाच म्हणत. त्यावरून इंग्रजी शब्द आला 'इनॉक्युलेट'. त्याचा पहिला अर्थ डोळा भरणे. देवीची लस टोचण्याचा अर्थ फार नंतर, अठराव्या शतकात आला. लेडी मेरी वर्टली माँटेग्यूनं तुर्कस्तानात देवी टोचण्याची पद्धत पाहिली आणि १७१७ सालच्या पत्रात तिला 'इनग्राफ्टिंग' म्हटलं. आपलाच शब्द! १७२१ मध्ये तिनं लंडनला स्वतःच्या मुलीला टोचून घेतलं. कातडीला बारीक चीर आणि आत थोडंसं काहीतरी बाहेरचं. माळी गुलाबाला करतो तेच.

दुसरा शब्द 'इम्प'. वर्गात मस्ती करणाऱ्या पोराला इंग्रजीत 'लिट्ल इम्प' म्हणतात, खट्याळ कार्टं. जुन्या इंग्रजीत 'इम्प' म्हणजे कोवळा कोंब, कलमाची काडी. कोंब म्हणून मूल, मग सैतानाचं मूल, मग छोटा सैतान, आणि शेवटी पुन्हा मस्तीखोर मूल. शब्दाची केवढी प्रदक्षिणा!

राहिला मंत्र्यांचा मथळा. इथे मात्र सावध राहायला हवं. भ्रष्टाचार या अर्थाचा 'ग्राफ्ट' अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बोलीत आला. तो बागेतल्या शब्दावरूनच आला की दुसरीकडून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सरकारी कामाला स्वतःचा फायदा चिकटवला म्हणून 'ग्राफ्ट', असं स्पष्टीकरण मुलांना आवडतं, लक्षातही राहतं. पण ते लक्षात ठेवायची युक्ती म्हणून सांगावं, व्युत्पत्ती म्हणून नव्हे. न्यूयॉर्कच्या प्लंकिट नावाच्या पुढाऱ्याची भाषणं १९०५ साली पुस्तकरूपानं आली. त्यात त्यानं 'ऑनेस्ट ग्राफ्ट', म्हणजे प्रामाणिक भ्रष्टाचार, असा भेद करून स्वतःचं समर्थन केलंय. रस्ता कुठून जाणार हे आधी कळलं म्हणून तिथली जमीन घेऊन ठेवली, तर त्यात काय वाईट, असा त्याचा सवाल! आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांना हा शब्द प्रिय आहे, कारण 'करप्शन'पेक्षा तो आखूड आहे आणि मथळ्यात मावतो. गंमत म्हणजे लाच घेणाऱ्या सरकारी नोकराला १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं सातवं कलम लागतं. ग्राफ्टला कलम, पण हा निव्वळ योगायोग.

ब्रिटनमधला 'हार्ड ग्राफ्ट' म्हणजे घाम गाळून केलेलं काम. याचं मूळ बहुधा खणण्याशी आहे. एका वेळी फावडं जेवढं खोल जातं तेवढ्या मातीला 'ग्राफ्ट' म्हणत. म्हणजे हा बागेतला असला तरी कलमाचा नाही, कुदळ-फावड्याचा. त्यामुळे एक मजेदार परिस्थिती होते. लंडनच्या माणसानं एखाद्याला 'ग्राफ्टर' म्हटलं तर तो कष्टाळू, न्यूयॉर्कच्या माणसानं म्हटलं तर तो लाचखोर. उच्चारही थोडा बदलतो, तिकडे 'ग्रॅफ्ट'.

वर्गात घ्यायचं झालं तर साहित्य अगदी साधं आहे. जास्वंदीच्या दोन फांद्या, प्लॅस्टिकच्या पिशवीची कापलेली पट्टी आणि एक टोक केलेली पेन्सिल. चाकू शिक्षकांच्याच हातात राहू द्या. एका फांदीला पाचर करा, दुसरीला चीर द्या, बसवा, पट्टी गुंडाळा. गुंडाळण्याआधी पाचर आणि पेन्सिल शेजारी-शेजारी धरून मुलांना विचारा, काय सारखं दिसतं? उत्तर आलं की मग फळ्यावर 'कलम' आणि 'ग्राफ्ट' लिहा, आधी नको. कोणाच्या घरी कलमं बांधत असतील तर त्या मुलाला पुढे बोलवा आणि सांगायचं काम त्याच्याकडे द्या. नंतर फळ्यावर तीन वाक्यं लिहा: आंब्याचं, कातडीचं आणि डिजिटल बोर्डाचं. प्रत्येकात खुंट कोणता, काडी कोणती, आणि धरलं की नाही हे कशावरून कळतं, एवढं मुलांनी शोधायचं. मंत्र्याचं वाक्य चौथीपाचवीत घेऊ नका, सातवीपासून घ्या.

घरचा अभ्यास म्हणून मुलांना परिसरातल्या एखाद्या कलमी झाडाचा सांधा शोधायला सांगा. बुंध्याजवळ खोडाची साल बदललेली किंवा थोडा फुगवटा आलेला दिसतो. पालकांनी सोबत जावं. सांध्याच्या खाली फुटवा आलेला दिसला तर झाडाच्या मालकाला विचारूनच काढा.